वानखेडे मॅडमचा लेखी निरोप

आमच्या वानखेडे मॅडम ऑफिसच्या मीटिंगला येत नाहीत, निरोप पाठवतात. तोही उभ्यानं, कडक इस्त्रीची साडी नेसून.

आमची टीम अर्धी पुण्यात, अर्धी पोलंडात. कंपनीनं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात ज्यानं त्यानं सवडीनं व्हिडिओ निरोप ठेवायचा आणि इतरांनी सवडीनं ऐकून उत्तर द्यायचं. आम्ही पायजम्यावर शर्ट चढवून दोन वाक्यांत उरकायचो. मॅडमचं मात्र बरोबर दहाला "गुड मॉर्निंग फ्रॉम विश्रांतवाडी" सुरू व्हायचं. नंतर त्या बोललेला शब्दन्‌शब्द खाली टाइप करत. खोकल्या तर 'खोकले' असंही.

"मॅडम, अक्षरं आपोआप उमटतात की," मी एकदा म्हणालो.

"उमटतात. त्यात मी 'वन केक डे' आहे."

निरोप न ऐकता कुणी त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं, की त्यांचा फोन ठरलेला. "ऐकलंत, की नुसतं पाहिलंत?"

मग नवे मॅनेजर आले. त्यांना समोरासमोर बोलणं आवडायचं, म्हणजे स्वतःचं. त्यांनी निरोप बंद केले आणि रोज दुपारी सगळ्यांना कॉलवर बसवलं. मॅडम बसल्या, पण आठवडाभर तोंडातून शब्द काढला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "इथे ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं. माझा लहान आहे."

पोलंडचा टोमेकही गप्पच असायचा. एके दिवशी मॅनेजरांनी त्याला घाईघाईनं काही विचारलं. तो नुसता हसला. "याचं लक्षच नसतं," मॅनेजर आम्हाला मराठीत म्हणाले, "पुढच्या कामात याला नको घ्यायला."

तेवढ्यात मॅडमचा माइक सुरू झाला. "आपला प्रश्न लिहून पाठवाल का? मलाही नीट कळला नाही."

मॅनेजरांनी नाइलाजानं लिहिला. तासाभरात टोमेकचं दोन पानी उत्तर आलं. आमच्या आराखड्यातली, आम्हा दहा जणांच्या नजरेतून निसटलेली चूक त्यानं दाखवून दिली होती. मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं. सोमवारपासून निरोप पुन्हा सुरू झाले आणि टोमेक टीममध्येच राहिला. त्या दिवशी मी घरी बायकोला सांगितलं, "आमच्या मॅडम म्हणजे मॅडम आहेत." जसं काही ते मीच केलं होतं.

पुढे मॅडम ऑफिसात आल्या तेव्हा चहा पिताना मी विचारलं, "टोमेकला कमी ऐकू येतं, हे त्यानं आम्हाला आत्ता कळवलं. तुम्हाला आधीच सांगितलं होतं का?"

"नाही. पण सगळे हसले, की तो जरा उशिरा हसतो. आमचे बाबा तसे हसायचे."

बाबा कारखान्यात पत्रा ठोकायच्या मशीनवर होते. तिथेच कान गेले. घरी पाच भावंडांची जेवताना बडबड चालायची. बाबा मधेच "काय गं?" विचारायचे. "आणि आम्ही म्हणायचो, काही नाही बाबा, जेवा तुम्ही."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"वाचता उत्तम यायचं हो त्यांना. रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचायचे. एखादी चिठ्ठी लिहून ताटाशी ठेवावी, एवढंसुद्धा आम्हा पाचांपैकी एकालाही सुचलं नाही."