मुलीचे वडील गाडीतून उतरेनात

मंठ्यात पुंजाराम मास्तरांच्या दारासमोर नवी पांढरी गाडी येऊन थांबली. मागच्या दाराने चांगुणाबाई आणि त्यांचे भाऊ मच्छिंद्र उतरले. गाडी चालवणारे रामकिसन, म्हणजे चांगुणाबाईंचे यजमान, मात्र स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. इंजिन चालूच होते.

मुलगी पसंत पडली होती. आज मुलीकडच्यांनी मुलाचे घर पाहायचे, मुलाचे वडील म्हणून मास्तरांनी शेवटचा होकार द्यायचा आणि तारीख धरायची, एवढेच बाकी होते.

"पाहुणे उतरून न्हाई राह्यले?" मास्तरांच्या पत्नी कांताबाई पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभ्या होत्या.

"येतेत की," चांगुणाबाई म्हणाल्या. "जरा गाडीकडं बघून राह्यलेत."

गाडी रामकिसन यांची नव्हती. ते ज्या बियाण्याच्या कंपनीत होते तिने हायब्रीड ज्वारीच्या शेतांवर फिरण्यासाठी ती जालन्याच्या सर्जेरावांकडून महिन्याच्या भाड्याने घेतली होती. सर्जेरावांनी ती नवी कोरी म्हणून दिली होती आणि सीटवरचे प्लास्टिकही अजून निघाले नव्हते. तिच्यात एक दोष होता. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन बंद पडे, आणि तापलेले असताना बंद पडले की निवेपर्यंत पुन्हा सुरू होत नसे. रामकिसन तक्रार घेऊन गेले की सर्जेरावांचा मिस्त्री बॉनेट उघडून म्हणे, "इंजन लई गरम हाये साहेब, हात लावता येईना. थंड होऊ द्या." थंड झाल्यावर गाडी झटक्यात सुरू होई. मग सर्जेराव म्हणत, "नव्या गाडीत दोष कशाचा? तुमचा हात बसला न्हाई अजून." रोगी बरा झाल्यावरच तपासायचा, असा तो दवाखाना होता.

हे दारात सांगून मोकळे होता आले असते. पण मुलगी पाहण्याच्या वेळी मच्छिंद्र बोलून गेले होते, "दाजींनी नवी गाडी घेतली." रामकिसन तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी नाही म्हटले नाही. मान खाली घालून ते सुपारी कातरत राहिले. आता गाडी बिघडली आहे म्हटले, तर दुरुस्त का करत नाही असे कोणी विचारणार, आणि उत्तर देता देता गोष्ट गाडी कोणाची आहे इथवर जाऊन पोचणार. खोट्या माणसाच्या घरची मुलगी मास्तर करणार नाहीत. निघताना लेकीने, बेबीनंदाने, त्यांच्या सदऱ्याला पुन्हा एकदा इस्त्री फिरवली होती. मुलगा आवडला असे ती तोंडाने म्हणाली नव्हती, पण एरवी ती त्यांच्या सदऱ्याकडे पाहतही नसे.

गल्लीतली माणसे जमू लागली. म्हातारा भिवा गाडीच्या मागे गेला, डिकीवर हात फिरवून आला आणि काही न बोलता ओट्यावर जाऊन बसला. शेजारच्या उषाबाई कांताबाईंच्या कानाशी लागल्या, पण आवाज काही त्यांना लहान करता आला नाही.

"रुसलेत वाटतं."

"पोरीचा बाप कुठं रुसत असतो का बाई?"

"म्या बी पहिल्यांदाच बघून राह्यले."

रामकिसन यांचे कान तापले. उतरून पाया पडावे आणि सगळे सांगून टाकावे, असे त्यांना वाटले. पण पाय उचलता येत नव्हता.

कांताबाई चहाचा कप घेऊन खिडकीशी आल्या. "पाहुणे, आमचं काय चुकलं का? मानपानाचं काही राह्यलं असंल तर सांगा."

"न्हाई हो बाई, तसं बिलकुल न्हाई," म्हणत रामकिसन कप घ्यायला वाकले. वाकताना उजवा पाय जरा जास्त दाबला गेला आणि गाडी डरकाळली. कांताबाई चहासकट मागे सरल्या.

"चहाचं नाव काढलं तर अंगावर येऊन राह्यले," उषाबाईंनी गल्लीला कळवले.

शेवटी घरातून नवऱ्या मुलाला, साहेबरावला, बाहेर पाठवण्यात आले. पोस्टात नोकरी करणारा, शांत मुलगा. त्याने अदबीने गाडीचे दार उघडले आणि होणाऱ्या सासऱ्यांच्या पायांना हात लावायला तो खाली वाकला.

"पायाला हात लावू नका," रामकिसन ओरडले.

साहेबराव वाकला होता तसाच क्षणभर राहिला आणि मग सरळ होऊन घरात निघून गेला. चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. मच्छिंद्र आपल्या चपलांकडे पाहत होते. पाया पडू न देणारा माणूस मुलगी देत नाही, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

तेव्हा पुंजाराम मास्तर बाहेर आले. गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार ओढून घेतले.

"जय भीम."

"जय भीम, मास्तर." रामकिसन काचेकडे पाहतच म्हणाले, "पाय काढला की बंद पडती. बंद पडली की सुरू होत न्हाई. म्हणून उतरलो न्हाई. आन् मास्तर, गाडी माझी न्हाई. कंपनीनं भाड्यानं घेतलेली हाये. मच्छिंद्र बोलले तवा मी गप राह्यलो. मला लाज वाटून राह्यली."

मास्तरांनी सीटवरचे प्लास्टिक बोटाने जरा दाबून पाहिले.

"मला ठाऊक हाये. मागल्या महिन्यात ती दुसऱ्याची होती."

रामकिसन यांनी मान वळवली.

"साहेबरावलाच सांगून आल्ते एक जण. ह्याच गाडीत. स्वतःची म्हणून सांगितली. तवा गल्लीत बैलगाडी आडवी होती म्हणून रस्त्यावरच उभी केल्ती, घरच्यांनी पाहिली न्हाई. परत जाताना चालूच होईना. म्या आन् भिवानं ढकलत पार नाक्यापर्यंत नेली. ते आत बसून म्हणत होते, नवीन हाये, हात बसला न्हाई अजून." मास्तर थोडे थांबले. "आज लांबूनच वळखली. म्हणलं, बघावं हे काय सांगतेत."

"मंग?" रामकिसन यांनी विचारले.

"पोरीला म्हणावं, तारीख आज धरून टाकू."

सकाळपासून ताठ धरलेले रामकिसन यांचे अंग सैल पडले. खांदे सैल पडले, हात सैल पडले आणि उजवा पायही सैल पडला. गाडी एकदा थरथरली आणि बंद झाली.

गाडी दारातून बाजूला घ्यायला मास्तर उतरले. धोतराचा सोगा खोचत त्यांनी ओट्याकडे पाहिले. भिवा बाह्या सारून आधीच उठला होता.

"कोणाची गाडी हो ही?" उषाबाईंनी विचारले. "मागल्या खेपेच्या पाहुण्यांची ना? भिवा म्हणून राह्यले."

"न्हाई," मास्तर डिकीला हात लावत म्हणाले, "आपल्या पाहुण्यांची हाये. या, तुम्ही बी हात लावा."