मेथीलेशन

"काय म्हणाली डॉक्टरीण?" कौशल्याबाईंनी दारातच विचारलं. पाण्याचा तांब्या अजून त्यांच्याच हातात होता.

जयदीप बूट काढायला जरा जास्तच वेळ लावत होता. एकशे आठ किलोच्या माणसाला वाकायला वेळ लागतोच, पण आज त्याला वर यायचंच नव्हतं. कारण डॉक्टर विजयश्रींनी चिंचवडच्या दवाखान्यात जे समजावून सांगितलं होतं, ते आईसमोर उच्चारायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं सरळच. "तुमच्या पत्नीचे, अपेक्षाचे, सगळे रिपोर्ट चांगले आहेत. तुमचं वजन मात्र खूप आहे आणि शुगर काठावर आहे. वजन असं वाढलं की जनुकांवर रासायनिक खुणा बसतात. जनुकं तीच राहतात, पण कोणतं चालू, कोणतं बंद, ते बिघडतं. याला मेथिलेशन म्हणतात. वडिलांच्या बीजावरच्या काही खुणा बाळापर्यंत पोचून त्याला पुढे शुगरचा धोका वाढत असावा, असं संशोधन म्हणतंय. अजून सगळं सिद्ध झालेलं नाही."

जयदीप महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासणीला, होता. त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे मॅडम, पार्ट ओके आहे, टॅग चुकीचा लागलाय."

"अगदी बरोबर! आणि टॅग बऱ्याच प्रमाणात बदलता येतो. सहा महिने नीट वजन उतरवा. दिवस राहायलाही त्याची मदत होईल."

कंपनीत वीस जणांसमोर रिजेक्शनचा आकडा खणखणीत आवाजात सांगणारा हा गडी आईसमोर मात्र पुटपुटला, "माझं मेथिलेशन बिघडलंय."

"मेथी?" कौशल्याबाईंनी कान टवकारले. "मेथी कमी पडलीय व्हय अंगात?"

इथे जयदीपने "नाही" म्हणायला हवं होतं. पण 'बीज' हा शब्द आईपुढे बोलण्यापेक्षा मेथी परवडली. तो म्हणाला, "तसंच काहीतरी."

"मंग एवढं तोंड पाडाया काय झालं? म्या हाय की!"

दुसऱ्या दिवसापासून घरात मेथीचं राज्य सुरू झालं. मेथीची भाजी, मेथीचं पिठलं, मोड आलेल्या मेथीची उसळ. जयदीपचा घाम मेथीसारखा वास मारायला लागला. रात्रंदिवस त्याला कंपनीच्या गेटबाहेरची वड्याची गाडी आठवायची. तळलेली मिरची, लसणाची लाल चटणी, नुसत्या आठवणीने त्याचा जीव कासावीस व्हायचा. एवढं करून एवढ्या कडू खाण्याने वजन तरी उतरावं! पण कौशल्याबाईंना वाटलं, नुसती मेथी अंगी लागायची नाही. त्यांनी सगळा सरंजाम काढला आणि मेथीचे लाडू करायला घेतले. सोबत डिंक, खारीक, खोबरं, गूळ, आणि सगळं बुडेल एवढं साजूक तूप. काटा एकशे दहावर गेला.

थंडीचे दिवस असते तर कोणाला काहीच वाटलं नसतं. पण ऐन वैशाखात, तळवड्याच्या त्या गल्लीत, तुपात तळलेल्या डिंकाचा वास सुटला आणि समोरच्या दुर्गाबाई पदराने घाम पुसत थेट स्वयंपाकघरात आल्या.

"कुणासाठी गं हे, कौशल्ये?"

"जयदीपसाठी."

"जयदीपसाठी!" दुर्गाबाई डोळे मिचकावून हसल्या. वैशाखात बाप्या माणूस मेथी-डिंकाचे लाडू खातो, यावर विश्वास ठेवायला त्या काही कालच सासरी आल्या नव्हत्या. थंडी नसताना असे लाडू पोटुशीसाठी, नाहीतर बाळंतिणीसाठीच वळतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि दिवस राहिल्यावर तीन महिने होईपर्यंत बाहेर सांगायचं नसतं, हेही.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. सकाळी अपेक्षा ऑफिसला निघाली तेव्हा कोपऱ्यावरच्या इंद्रायणीताईंनी तिच्या हातात पिशवीभर कैऱ्या कोंबल्या.

"कशाला हो?"

"खा गं गुमान. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

"अहो, तसं काही नाही!"

"न्हाई ना? बरं, न्हाई तर न्हाई," असं म्हणून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. इथेच खरी गोची होती. तीन महिने नाहीच म्हणायचं असतं, त्यामुळे अपेक्षा जितक्या वेळा नाही म्हणाली, तितकी बातमी पक्की होत गेली.

कौशल्याबाईंना ही बातमी दुर्गाबाईंकडूनच कळली. सुनेने आपल्याला आधी सांगितलं नाही, याचा त्यांना राग आला, पण आनंद इतका मोठा होता की राग त्यात विरघळून गेला. त्यांनी सुनेच्या हातातली पाण्याची बादली काढून घेतली. ती नाही नाही म्हणत असताना मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली आणि डोळे पुसले. सासरे भिमाजींनी तर स्कूटरची किल्ली लपवली आणि ते सुनेला स्वतः गाडीतून ऑफिसला सोडू लागले. गाडी इतकी हळू चालवत की मागून रिक्षावाले शिव्या घालत. भिमाजी काच खाली करून त्यांना अभिमानाने हात दाखवत.

"अहो, तुम्ही खरं सांगून टाका ना सगळ्यांना," अपेक्षा जयदीपला म्हणाली. "माझं कोणी ऐकत नाही."

"सांगतो, सांगतो. उद्या सांगतो." हा उद्या काही उगवत नव्हता.

तो एका संध्याकाळी शिफ्ट संपवून आला तेव्हा अपेक्षा एकटीच कैऱ्या चिरत बसली होती. मीठ-तिखट लावून एक फोड तिने त्याच्यापुढे केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कैरीमुळे नव्हतं.

"एक सांगू? कालपासून मी कोणाला नाही म्हटलंच नाही. आई म्हणाल्या बस, तर बसले. इंद्रायणीताई म्हणाल्या पाळणा कसला घेणार, तर म्हटलं, लाकडी." ती कशीबशी हसली. "सहा वर्षं लोक मला विचारतात आणि मी मान खाली घालते. हे थोडे दिवस सगळे माझ्याकडे किती मायेने बघतायत. खोटं आहे, पण बरं वाटतंय."

जयदीपने फोड तशीच हातात धरली. मूल त्यालाही हवं होतं. दुसऱ्याचं पोर मांडीवर आलं की ते उतरवून द्यायला तो नेहमी उशीर लावायचा. पण रस्त्यात अडवून त्याला कधी कोणी काही विचारलं नव्हतं. सहा वर्षांत एकदाही नाही.

शुक्रवारी दुर्गाबाई चार बायका घेऊन आल्या. ताटात खण, नारळ, तांदूळ. "तीन महिने हूं दे, मंग मोठी ओटी भरू. आज आपली घरातल्या घरात," असं म्हणत त्यांनी पाट मांडला. कौशल्याबाई हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. अपेक्षा पांढरीफटक होऊन भिंतीशी उभी राहिली.

"काकू, थांबा," जयदीप म्हणाला.

"बायकांच्यात तुझं काय काम? जा बाहीर."

"काम माझंच आहे." घाईघाईत तो नेमका त्या पाटावरच उभा राहिला. पाट कुरकुरला. "अपेक्षाला दिवस गेलेले नाहीत. ती खरंच सांगत होती. तिचे सगळे रिपोर्ट पहिल्यापासून चांगले आहेत. अडलंय ते माझ्यामुळं."

कौशल्याबाईंच्या हातातली कोयरी लवंडली.

"मंग ती मेथी?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"मेथीचा काही संबंध नाही, आई. मी खोटं बोललो. माझं वजन फार झालंय. त्याचा डाग माझ्या बीजावर पडतो, आणि पुढं बाळालाही त्याचा त्रास होऊ शकतो. मला सहा महिने नीट राहायचंय. आणि मला मूल हवंय, काकू. लई हवंय." शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फुटला.

कौशल्याबाई खाली बसल्या. मग त्यांनी सुनेचा हात धरून तिला शेजारी ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुर्गाबाईंनी जयदीपला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. त्यांची नजर पोटावर जरा जास्त थांबली. "म्हंजी हिला सहा वर्सं आमी जे जे सांगितलं, ते तुला सांगाया पायजे हुतं?"

"व्हय," जयदीप म्हणाला.

"मंग ऐक आता."

आणि त्या पाचही बायका एकदम बोलायला लागल्या. पहाटे उठून चालायचं. संध्याकाळी लवकर जेवायचं. तळलेलं वर्ज्य. चहात साखर नको. जागरण नको, ओव्हरटाइम तर मुळीच नको. चिडायचं नाही, मन प्रसन्न ठेवायचं. पाटावरून उतरायचंसुद्धा त्याला कोणी सुचू दिलं नाही.

श्रावण आला तोवर जयदीप अकरा किलो उतरला होता. उतरणार नाही तर काय! कंपनीच्या गेटबाहेरच्या वडेवाल्याची सासुरवाडी तळवड्यातली निघाली. त्याने जयदीपला वडा द्यायला साफ नकार दिला. "माफ करा राव, तुमचं सगळं नीट पार पडू द्या. मग पोटभर खा, पैसे घेणार नाही." जयदीप नुसता वास घेऊन बसमध्ये चढायचा आणि खिडकीतून वळून वळून मागे बघायचा. दुर्गाबाई गल्लीत सांगत होत्या, पोराला डोहाळे लागलेत.

एका सकाळी तो अपेक्षाबरोबर नदीकडे चालत निघाला होता. दुर्गाबाई दारात उभ्याच होत्या. अपेक्षाकडे बघून त्या नुसत्या हसल्या आणि जयदीपला त्यांनी भर रस्त्यात अडवलं.

"कितवा रे?"

जयदीप लाजला. मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळू लागला. शेवटी अपेक्षानेच उत्तर दिलं.

"सहातला चौथा लागलाय, काकू," ती म्हणाली. "आणि आता वाट बघवत नाही हो. आम्हाला दोघांनाही."