विहारसागराच्या पाठीवरील केळीबागेची हकीकत

श्रीवरुण साक्ष. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी, कोणे एके राज्यी दवंडी फिरली की, सरकारचे नौकाविहाराकरिता बांधिलेले विहारसागर नामे मातीचे धरण कोणतेही पूर्वचिन्ह न दाखविता एकाएकी फुटले. कुंभारांनी पायथ्याची माती उकरली हेच कारण. सबब कुंभारांनी वाहून गेलेल्या वाडीची जागा सोडोन राज्याबाहेर चालते व्हावे. या दवंडीत धरणाचे नाव तेवढे खरे. कुंभारांची खाण नदीपलीकडे, हे राज्यातील प्रत्येक माठास ठाऊक. आणि पूर्वचिन्ह म्हणाल तर ते हिरवे होते, कोसावरून दिसत होते आणि त्यास घड लागत होते.

ते ऐसे. धरणाची निगा क्रीडामात्य रंगोपंत यांजकडे. पाहणी दरसाल नावेतून होई. सनई वाजे, आणि पाण्याकडील बाजू दिसे तेवढी पाहोन मग विडे वाटले जात. पाठीकडील उतारावर जावे तर जोडे चिखलाने भरत, सबब ती बाजू उत्तमच आहे ऐसे मानण्याचा प्रघात पडला. पुढे तो उतार ऐन उन्हाळ्यात ओला राहो लागला. गवंड्यांनी अर्ज केला की, तलाव उतरवावा आणि पाझरावर वाळू-खडीचा थर द्यावा. तलाव उतरविला तर नाव रुतणार. मग अमात्यांनी विचार करोन तेथे केळी लाविल्या. वैशाखात मुलूख करपला आणि केळीबाग डुलत राहिली. महाराज संतोषले आणि अमात्यांस शालजोडी जाहली.

श्रावणात धरणाखालील वाडीची यमाई कुंभारीण अमात्यांचे दारी आली आणि बोलली, "पंत, आमच्या अंगणात धरणाचं पाणी येतं ते काल निवळ होतं, आज गढूळ येतंय. धरणाची माती चाललीय."

पंत हसोन बोलिले, "यमाबाई, पाणी फुकट देतो, आता गाळूनही द्यावे काय?"

"गाळू नका. आम्ही पोरंबाळं घेऊन टेकडीवर जावं का, तेवढं सांगा."

"जा की! आमची नाव वरून झोकात दिसेल."

मग वाडी खरेच टेकडीवर गेली, आणि दुसरे दिवशी न्याहारीचे वेळी धरण पाठीकडून खचले, आणि घरे, भट्ट्या, भाजायचे राहिलेले माठ डोळ्यांदेखत वाहिले. केळीबाग सर्वांपुढे गेली. अग्रमान तिचाच होता.

मग दरबार भरला. अमात्यांनी शालजोडी पांघरोन दवंडीचा मजकूर पुन्हा ऐकविला. यमाईने हात जोडिले आणि पुसले, "महाराज, आम्ही जातो. जाताना एवढंच कळू द्या, उन्हाळ्यात पंतांच्या केळींना पाणी कोण घालीत होतं?" महाराजांनी अमात्यांकडे पाहिले. अमात्यांस आपले काटकसरीचे वर्णन करण्याची संधी कधीच सोडवत नसे.

एवंच, दवंडी उलटी फिरली, कुंभारांची जागा कुंभारांकडे राहिली, आणि वाडी सरकारखर्चे उभी करोन द्यावी ऐसे ठरले. अमात्यांची घामाने भिजलेली शालजोडी तेवढी वाळत घातली आहे. येथे लेखकाने आपली मखलाशी करू नये, म्हणोन अमात्यांचे वाक्य भरदरबारी निघाले तैसेच उतरोन हकीकत पुरी करितो: "एकही माळी ठेविला नाही, महाराज! धरण आपणच पाझरोन बाग भिजवीत होते; तो पाझर बुजविला असता तर आमच्या केळी वाळल्या असत्या."