वाघमारे सर आणि माझा पंप

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या कितीतरी आधीपासून वाघमारे सर पाकिटावर नवंच नाव लिहायचे. पाकीट परत आलं, की नवं तिकीट लावून पुन्हा तेच नाव. "आपण थकायचं न्हाई," म्हणायचे, "पोस्टाला थकू द्या."

सर सेलूच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. मूळचे पेडगावचे. वर्गातही बोली गावाकडचीच. प्राचार्यांनी टोकलं, तर म्हणाले, "पेशीला कुठं शुद्ध मराठी येतं?"

मी जिनिंगमध्ये कारकून. कापसाच्या धुरळ्यानं दमा जडला. डॉक्टरांनी दिलेला पंप आधी दिवसातून दोनदा ओढायचो, मग दहादा. तरी छाती मोकळी होईना. एका सकाळी ओट्यावर मी पंप हलवत बसलेलो, तेव्हा सर समोर येऊन बसले.

"ह्ये औषध पेशीच्या आत जातच न्हाई," म्हणाले. "पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो, त्याला चिकटतं. रिसेप्टर आतल्या जी-प्रोटीनला जागं करतो, ते निरोप पुढं नेतं, तवा श्वासनळी सैल पडती. तुमी सारखंच ओढायलाव. मग रिसेप्टर जी-प्रोटीनला निरोप देणं सोडतो. लयच झालं तर पेशीच्या आत जाऊन बसतो. बाहेर औषध बोंबलायलंय, आत ऐकायला कुणी न्हाई!"

"मग करू काय?"

"चप्पल घाला. परभणीला जायचंय."

परभणीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "पंप अजून दोनदा वाढवा."

"दहादा ओढून ऐकंना, ते बारादा ओढून ऐकंल व्हय?" सर म्हणाले. "नळीची सूज उतरायचं औषध का देत न्हाई?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. ह्येंचा शेजारी हाय. भिंतीतून ह्येंचा दम ऐकू येतो मला."

आणि सर खुर्चीतून उठेचनात. बाहेरचे पेशंट कुरकुरू लागले, तेव्हा कुठं डॉक्टरांनी माझी छाती नीट तपासली आणि दुसऱ्या औषधाची चिठ्ठी लिहिली.

मग जिनिंग. मॅनेजर म्हणाला, "धुरळ्याची सवय होते सगळ्यांना."

"सवय होत न्हाई साहेब, माणूस सांगायचं सोडतो," सर म्हणाले. पुढचा आठवडाभर कॉलेजला जाण्याआधी ते मॅनेजरच्या दारात तासभर बसायचे. आठव्या दिवशी माझी बदली फाटकावर झाली, मोकळ्या हवेत.

दोन-तीन महिन्यांत पंप आठवड्यातून एखाद्या वेळेवर आला. मी पेढे घेऊन गेलो. म्हटलं, "सर, तुमाला ह्ये सगळं आधीपासून ठाऊक होतं?"

सरांनी पेढा हातातच धरला. "उशिरा कळलं. आमच्या घरचीला दमा होता. ती पंप मागायची, मी द्यायचो. शेवटी शेवटी तर तासाला. लय मायेनं द्यायचो हो."

लग्न झालं होतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

"खोल श्वास घ्या बरं एकदा," सर म्हणाले.

मी घेतला. शिट्टी नाही, घरघर नाही. सर डोळे मिटून ऐकत होते.

"अजून एकदा," म्हणाले.