रायभानच्या गालावरचा डाग

झरीच्या रायभानचं लग्न जमता जमता दोनदा मोडलं होतं, आणि दोन्ही वेळा कारण त्याचं तोंड होतं. तोंडात खोट काहीच नव्हती हो. पंचाईत एवढीच, की अगदी तेच तोंड त्याच्या जुळ्या भावाला, सूर्यभानलाही मिळालं होतं. सूर्यभान संसाराला लागून एका पोरीचा बाप झाला, आणि रायभानच्या वाट्याच्या पाव्हण्यांनी मात्र "आमच्या पोरीनं नवरा ओळखावा कसा?" म्हणत पायात चपला घातल्या. आता तिसरं स्थळ होतं वालूरच्या भक्तीचं. तिच्याशी तो महिनाभर फोनवर बोलत होता आणि खरं सांगायचं तर पार येडा झाला होता. रविवारी ती वडलांना, बन्सीधररावांना घेऊन घर बघायला येणार होती.

आणि नेमकी शनिवारी पूर्णेहून मावसबहीण अर्पिता कॅमेरा घेऊन टपकली. पोर सिनेमाच्या कॉलेजात होती आणि तिला फुकटात जुळे भाऊ हवे होते.

"दादा, मनाच्या भीतीचा सिनेमा हाय. एका भावाला वाटतं, दुसरा आपल्या कातडीखालून वर यायलाय. मग त्याचा गाल काळा पडतो, सुजतो, डोळा बुजतो..."

"हे लोक जेवायच्या आधी बघत्यात का नंतर?" सूर्यभानने विचारलं.

अर्पिताने कणकेत गूळ आणि बीट कालवून एक भयंकर फोड तयार केली. उन्हात ती ओघळली, तिच्यावर माशा बसल्या आणि शेवटी शेळीने येऊन ती भीती चाटून खाल्ली. तेव्हा आई कडूबाई पुढे सरसावल्या. घरात मेंढरं, त्यामुळे मेंढराच्या खुरापासून स्वतःच्या टाचेच्या भेगांपर्यंत सगळ्या दुखण्यांवर त्यांचा एकच इलाज, बिब्बा. त्यांनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, काळं तेल वाटीत काढलं आणि बजावलं, "हे सूर्यभानच्याच गालाला लाव. त्येला काय होत न्हाई. रायभानला उततंय, पार भोपळा होतोय त्याचा. ल्हानपनी मी दोघान्ला तसंच तर ओळखायची!"

अर्पिताने मान डोलावली. तिचा हिशेब सोपा होता: निळा शर्ट सूर्यभान, पांढरा रायभान. पण तिच्याच गोष्टीत भाऊ एकमेकांचे शर्ट घालतात, आणि तिच्याच हुकमावरून दोघांनी जेवणाआधी शर्ट बदलले होते, हे ती कॅमेऱ्याच्या नादात विसरली. निळ्या शर्टवाला बाजेवर डोळे मिटून पडणार, असा प्रसंग होता. चार भाकरी खाऊन लिंबाच्या सावलीत पडलेला रायभान नाटक करता करता खराच घोरू लागला. अर्पिताने कापसाने त्याच्या गालावर ऐसपैस बिब्बा फासला.

रविवारी सकाळी रायभानचा उजवा डोळा उघडेना. गाल तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला होता आणि ओठ एका बाजूला निघाला होता. अर्पिता आधी किंचाळली, मग तिने आनंदाने कॅमेरा उचलला.

"दादा, हलू नको! लय भारी दिसायलास!"

"अगं, पाव्हणे यायच्या दिवशीच बिब्बा घातलास की गं!" कडूबाईंनी कपाळाला हात लावला. पण बाई डगमगणारी नव्हती. "सूर्यभान, तू बस रायभान व्हऊन. च्या होईस्तोवर तर बसायचंय. सारखे हायत, तर एकदा कामाला तरी या!"

"बसा की," सूर्यभानची बायको दिपाली म्हणाली. "पर तिच्याकडं नजर जरी गेली, तर भाकरी मिळायची न्हाई."

रायभानला आतल्या खोलीत कोंबलं. दाराच्या फटीला चांगला डोळा लावून तो बघू लागला. अबोली रंगाच्या साडीत भक्ती आली, आणि त्याने डोळा फटीला आणखी चिकटवला. आपल्या जागी बसलेला भाऊ मात्र छताचे पत्रे न्याहाळत होता.

बोलणी छान चालली होती. तेवढ्यात सूर्यभानची तीन वर्षांची पोर धावत आली आणि "बाबा!" म्हणून नवरदेवाच्या मांडीवर चढली.

कडूबाई घाईने म्हणाल्या, "काका हाय तो तिचा! बाप शेतात गेलाय. दोघं सारखे ना, लेकरू चुकतंय."

झालं! बन्सीधररावांनी कप खाली ठेवला. "पोटच्या लेकराला बाप ओळखू येईना, तर माझ्या पोरीला नवरा काय ओळखू येणार? चल भक्ती."

तिसऱ्यांदा चपलांचा आवाज ऐकायची रायभानची ताकद नव्हती. त्याने दार ढकललं आणि तसाच बाहेर आला.

"मामा, थांबा! रायभान मी हाय. त्यो सूर्यभान हाय, पोर बी त्याचीच हाय. तोंड असं झालं म्हणून लपलो. चुकलं आमचं."

बन्सीधरराव दोन पावलं मागे सरले. भक्तीने त्याला नीट न्याहाळलं आणि ती खळखळून हसली.

"आबा, भिऊ नका, बिब्बा उतलाय! मला बी उततोय. मावशी, तीळ अन् खोबरं वाटून लावा की लवकर."

"मावशी" ऐकून कडूबाईंना धीर आला. "पाव्हणं, तुमची अडचण बी मिटली बघा. सूज जाईल, पर डाग राहील. आता अंधारात बी चुकायचं न्हाई!"

बन्सीधररावांनी जवळ येऊन रायभानचा गाल निरखला. "डाग नक्की राहील ना?"

"राहील की! न्हाई राहिला तर परत लावू," कडूबाई म्हणाल्या. रायभानने घाबरून गालावर हात ठेवला. बन्सीधररावांनी मात्र खाली बसून दुसरा चहा मागितला.

अर्पिताच्या सिनेमाबद्दल तिच्या सरांनी सांगितलं, "गोष्ट बरी आहे, पण सूज अगदीच खोटी वाटते." इकडे लग्न थाटात झालं.

नंतर एकदा आरशात बघत रायभान हळहळला, "डाग फिका पडायलाय. मला ओळखायची कशी तू?"

"त्या दिवशी बी ओळखलंच होतं," भक्ती म्हणाली. "भाऊजी पत्र्याकडं बघायलेत अन् दाराच्या फटीतून एक डोळा माझ्याकडं बघायलाय. नवरदेव कोण, हे सांगावं लागतंय व्हय?"

"मग आईनं डागाचं एवढं कौतुक केलं, तवा हे का न्हाई सांगितलंस?"

"ते आबांसाठी," ती म्हणाली, आणि आबा येत्या सोमवारी येणार होते म्हणून काजळाची डबी घेऊन त्याच्यासमोर बसली.