करवतकाठाच्या पडलेल्या दातांचं प्रकरण

“नागपुरात दोन सुटका अशक्य आहेत,” गौरांग सर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, “माणसाची उन्हापासून आणि प्रोग्राममधल्या बगची माझ्यापासून.” पुढे ते आपल्या घारीच्या नजरेचं आणि एकदाही न चुकलेल्या तर्काचं वर्णन करत. टेबलावर ‘प्रमुख बग-अन्वेषक’ अशी पितळी पाटी होती. ती कंपनीने दिली नव्हती, सरांनी स्वतःच सीताबर्डीवरून करून आणली होती.

त्यांची सहायक कामिनी पराते हिने मनातल्या मनात हिशेब ठेवला होता. चार वर्षांत सरांनी सदतीस गुन्हेगार पकडले. त्यातले छत्तीस निर्दोष निघाले आणि सदतिसावा प्रिंटर होता. एरवी तिला याची गंमत वाटायची, पण या खेपेला प्रकरण तिच्या बापाच्या हातमागावर घडलं होतं.

कंपनीने हातमागावर बसवायची एक पेटी बनवली होती. पेनड्राइव्हवरून नक्षी घ्यायची आणि त्याप्रमाणे काठाचे धागे उचलायचे, एवढंच तिचं काम. पेटीच्या पोटात, अगदी तळाशी, सी भाषेत लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे पेटी चालवणारा प्रोग्राम होता. तोच तिचे धागे उचलणारे आकडे हलवायचा. कामिनीच्या बापाने, रुपरावांनी, चाळीस वर्षं हाताने करवतकाठी साड्या विणल्या होत्या. आता खांदा वर जात नव्हता, म्हणून लेकीने सहा महिने मनधरणी करून पेटी बसवली. काठाचे अकरा दात करवतीसारखे सरळ आले आणि बाराव्यापासून पार वेडेवाकडे. दर वेळी तेच.

“शनवारलोक पाह्यतो,” रुपराव म्हणाले होते. “मंग पेटी काढून ठेवतो. आन् माग बी.”

त्या ‘माग बी’ने कामिनीची झोप उडाली होती. आज शनिवार होता.

सर भरदुपारी टॉर्च घेऊन आले. आधी त्यांनी पंख्यावर संशय घेतला, मग भिंतीवर, मग जमिनीकडे वळले.

“काका, घरात उंदीर आहेत?”

“हायेत न. पन ते प्रोग्राम नाही लिवत.”

सरांनी वाकडे दात मोजले. लांब, आखूड, आखूड, लांब. त्यांचे डोळे चमकले. “हा गुप्त संदेश आहे! शत्रू कंपनीचा!”

“काय लिवलं हाये गा त्याच्यात?” रुपरावांना खरंच उत्सुकता होती.

“पंचावन्न टक्के उलगडलंय,” सर म्हणाले आणि विषय बदलून थेट कामिनीकडे वळले. “हे आतल्या माणसाचं काम आहे.”

गेल्याच महिन्यात एक व्याख्यान ऐकून सरांनी नवा नियम काढला होता. ड्रायव्हरमधलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, कामापुरती मेमरी मागून घेतं आणि काम झालं की ती परत करावी लागते. पूर्वी कामिनी हे हाताने लिहायची. आता घेतानाच एक चिठ्ठी चिकटवायची, की फंक्शन संपताच मेमरी आपोआप साफ. नियम चांगलाच होता, आणि सरांनी तो दिसेल तिथे चिकटवला होता.

“माझ्या नियमात चूक अशक्य,” सर म्हणाले. “म्हणजे तूच कुठेतरी हाताने घोळ घातलास. सोमवारच्या रिपोर्टात तुझं नाव जाणार. इथे भावना चालत नाहीत, पुरावा चालतो.”

“पुरावा कुठे आहे, सर?”

“भावना नकोत म्हटलं ना!”

रुपरावांनी मान खाली घातली. ते पाहून कामिनीला रडूच फुटायचं बाकी होतं.

“पयले जेवून घ्या,” कामिनीची आई गोपिकाबाई आतून म्हणाल्या. “भांडाले अंगात ताकद लागते.”

पाहुण्यासाठी सावजी मटण होतं. सरांचं ताट अर्ध्यावर आलं आणि फोन वाजला. ते उठून अंगणात गेले. गोपिकाबाईंनी ताट उचललं, घासलं आणि त्याच जागी, त्याच ताटात नवऱ्याला वाढलं. रुपरावांना पित्त, त्यामुळे त्यांना दुधीची भाजी. ते हात धुवायला गेले तेवढ्यात सर आले, फोनमध्ये बघत बसले आणि घास घेतला.

“काकू! माझं मटण?”

“ते तं गेलं. तुमी उठले न!”

“पण मी परत येणार होतो!”

“मले काय मालूम? आमच्या घरी मानूस उठला का ताट उचलतो. मांगं ठेवाचं असंन तं उठाच्या आंधी सांगा लागते.”

कामिनीचा हात घासावरच थांबला. मग तिने डाव्या हाताने लॅपटॉप ओढला.

पेनड्राइव्हवरून नक्षी आणणारं फंक्शन मेमरीत नक्षी वाढायचं, आकड्यांना जागा दाखवायचं आणि उठायचं. उठताच चिठ्ठी जागा साफ करायची. आकडे बिचारे त्याच ताटातून घेत राहायचे. तिथे दुसरं काही वाढेपर्यंत जुनी नक्षी उरायची, ते अकरा दात. पुढे सगळी दुधी. ‘हे उचलू नका, पुढच्याला दिलंय’ असं उठण्याआधी सांगायची सोय नियमात होती. लागत होती फक्त एक ओळ.

तिने ती लिहिली. चिठ्ठी कोणी चिकटवली त्याचं नाव शेजारीच दिसत होतं. तिने स्क्रीन सरांकडे वळवली. सरांनी आपलं नाव दोनदा वाचलं आणि दुधीचा आणखी एक घास घेतला.

दुरुस्त ड्रायव्हर पेटीत घातला आणि माग सुरू झाला. बारावा दात सरळ आला, मग तेरावा. रुपरावांनी सलग चाळीस दात विणले. मग काठावरून अंगठा फिरवून म्हणाले, “अवं, पाह्य इकडं. पोरीची पेटी चालून राहिली.” कामिनी सरळ रडायला लागली, आणि तिने ते लपवलंही नाही.

एव्हाना सर सावरले होते. त्यांनी घसा खाकरला. “काका, सांगतो. गुन्हेगार अत्यंत हुशार होता.”

“असंन,” रुपराव हात न थांबवता म्हणाले. “मंग साहेब, पुढच्या पेटीले हुशार मानूस नोका लावू. आमच्या कामिनीलेच लिवू द्या.”