दम वाचवणारे पटलेबाबू

पटलेबाबू कचेरीत हसायचे नाहीत. विनोद कळायचा, डोळे बारीक व्हायचे, पण आवाज नाही. मी गोंदियाच्या मालधक्क्यावर नवीनच कारकून लागलो होतो; शेजारच्या टेबलावर बसायचो. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "हासण्यात दम जाते, बाबू. मी संध्याकाळसाठी वाचवून राहिलो."

संध्याकाळी रेल्वे कॉलनीमागच्या मैदानात बास्केटबॉल चालायचा. चाळिशी ओलांडलेला हा माणूस त्यासाठी दिवसभर खुर्चीतून उठत नसे. फाइल हवी असली तर फूटपट्टीनं ओढून घेई. दुपारी नुसती पेज आणि गुळाचा खडा. "भात खाऊन उडी मारली तं पोटात दगड हालते," म्हणायचे.

मैदानात मात्र ते थांबायचे नाहीत. "या खेळात उभं राहाले जागाच नाही. धावा, थांबा, उडा, मंग पुन्हा धावा." आम्ही पंचविशीतले कमरेवर हात ठेवून धापा टाकायचो आणि हे घामानं निथळत चेंडू मागत असायचे.

एकदा टोपलीखाली उडी मारून उतरले ते खालीच बसले. ओठ काळेनिळे पडलेले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर आहे, खेळ बंद. थोड्याच दिवसांत पटलेबाबू बूट बांधून पुन्हा हजर.

आमच्या संघाच्या कप्तानानं आणि मी त्यांना बाजूला घेतलं. कप्तान म्हणाला, "जीव जाईल ना, पटलेबाबू. काऊन ऐकत नाही तुम्ही?"

ते खाली बसून बुटाची नाडी सोडू लागले. मग मान वर न करताच म्हणाले, "माय गेली, बायको गेली. धक्क्यावर मी पटलेबाबू. घरमालकाले मी भाडेकरू. चेंडू पाहिजे असला म्हणजे तुम्ही वरडता, 'तुळशी, इकडे दे.' बाकी मले तुळशी कोण म्हणते?"

बूट हातात घेऊन ते अनवाणीच घरी निघाले.

त्यानंतर ते मैदानाकडे फिरकले नाहीत. आता दम वाचवायचं कारण उरलं नव्हतं, पण कचेरीत हसलेही नाहीत.

एका रविवारी मी त्यांच्या गल्लीत गेलो. दार उघडंच होतं. मैदानात चालायचं, पण इथं वयानं मी पुष्कळ लहान; जीभ अडखळली. तरी रस्त्यावरूनच हाक मारली, "तुळशी!"

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ते दारात आले.

"काय काम होतं?"

"काही नाही."

मग आत जाऊन त्यांनी खाटेवरचे कपडे उचलले आणि मला बसायला जागा केली.